आज काय जेवलात?

"ते असू द्या हो. आज काय जेवलात?" असं म्हणायचं, पेनाला टोपण लावायचं आणि समोरच्या बाईकडे बघत गप्प बसायचं. मॅडमची मुलाखत ही एवढीच. तुम्ही म्हणाल, हे तर सगळेच विचारतात. विचारतात हो, पण उत्तरासाठी थांबतं कोण?

विद्यापीठाने आमच्या भागातल्या स्त्री-पुरुष विषमतेचा अभ्यास काढला, तेव्हा वेगवेगळ्या विषयांची माणसं एकत्र आणली. मी समाजशास्त्राची, त्या आहारशास्त्राच्या. मी इथली, तिरोड्याकडची. त्या थेट साताऱ्याच्या. बोली माझी, माणसं माझी, आणि बायका बोलायच्या त्यांच्याशी! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कामठ्याला भाताच्या रोवणीवरून आलेल्या एका बाईला मी विचारलं, "घरातले निर्णय कोण घेते?" ती म्हणाली, "तेच सांगतीन," आणि नवऱ्याला हाक मारायला उठली. मॅडमनी आपला प्रश्न टाकला, टोपण लावलं. बाई परत बसली. "सगळ्याइचं झाल्यावर उरलं तं खातो. आज वरण उरलंच नाई," म्हणाली आणि भडाभडा बोलत सुटली. परतताना मॅडमनी मला चिवडा देऊ केला. मी म्हटलं, भूक नाही. चांगली कडकडून लागली होती.

एकदा त्यांना माझ्या माहेरी नेलं. चोरखमाऱ्याजवळच्या गावात माय माझ्या भावाकडे राहते. खरं सांगू? मिरवायलाच नेलं होतं. आमच्या घरी असलं काही नाही, हे त्यांनी बघावं म्हणून. मायने आम्हाला वाढलं. "तू खा बाई, मी जेवली," हे तिचं नेहमीचं. जेवण झाल्यावर मी ओसरीत भावाशी गप्पा मारत बसले. मॅडम आत, चुलीपाशी.

वाटेत त्या हळूच म्हणाल्या, "आई जेवल्या नव्हत्या. पाहुणे आले की पेजेवर भागवतात."

माझ्या मायबद्दल ह्या मला सांगणार! "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

पुढच्या रविवारी मी तडक मायपुढे जाऊन उभी राहिले. "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले कायले सांगू? तू भावासंग भांडशीन."

"अन् त्याइले सांगितलं ते?"

"ते बाई पराई हाय. ऐकते अन् चालली जाते."

म्हणजे परकी झाली जवळची, आणि पोटची पोरगी बसली ओसरीत!

अभ्यास संपला, मॅडम साताऱ्याला परतल्या. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. तेव्हापासून मी मायला रोज फोन करते. "आज काय जेवली?" विचारते आणि थांबते, अगदी त्यांच्यासारखी. हातातल्या पेनाला टोपणसुद्धा लावते, फोनवर कोण बघतंय! "जेवली ना बाई. वरण, भात, भाजी, सगळंच," माय सांगते. ऐकून मला बरं वाटायचं. शेवटी मलाच सांगते ना, असं वाटायचं.

परवा मॅडमचा फोन आला. अडखळत म्हणाल्या, "रागावू नका हं. आत्ता आईंचा फोन आला होता. पोरीला सांगू नका म्हणाल्या, पण सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही. तुम्ही जवळ आहात, जाता का?"

दहा मिनिटांपूर्वीच माय मला म्हणाली होती, वांग्याची भाजी मस्त झाली होती.

मी डबा भरायला घेतला. भांडी दाणदाण आपटत होते. मायच्या काळजीने, असं मी नवऱ्याला सांगितलं.