बटणावरची ढोलकी

माझ्या आतेभावाने धुळ्यात कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. क्लास कसला, बोळातली एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. शिकणारे थोडे, विमानाचा गेम खेळायला येणारेच जास्त. त्या गेमसाठी त्याने जॉयस्टिक आणली होती, म्हणजे बैठकीवर उभा काळा दांडा आणि चार बटणं. या शहाण्याला एक दिवस सुचलं, की त्या दांड्यावर ढोलकी वाजवायची.

"भाऊ, तुम्ही फक्त आठ मात्रा वाजवा," तो म्हणाला. "पुढचं बटण बघून घेईल."

आमच्या गल्लीत श्रावणातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला ढोलकी आमच्या घरची. आधी वडील वाजवायचे, मग मी. कानबाई डोक्यावर घेऊन नाचायची ती माझी आई. तिचा डावा गुडघा धड नव्हता. कोपऱ्यावर वळताना तिचा पाय जमिनीला टेकेपर्यंत मी थाप रोखून धरायचो. आणि हे बटण म्हणे बघून घेणार! पण गल्लीला नवं काही म्हटलं की लाळ सुटते. मला न विचारता सगळ्यांनी यंदाच्या विसर्जनासाठी त्याला होकार देऊन टाकला होता.

मीही ठरवलं, यांची चांगली जिरवायची. खोलीतला पंखा बंद केला, खिळ्याला माइक टांगला, त्याने बटण दाबलं आणि मी वाजवायला लागलो. सहावी मात्रा मुद्दाम किंचित उशिरा टाकली. त्याने पुन्हा बटण दाबलं, तशा माझ्या आठ मात्रा गोल गोल फिरायला लागल्या, दर फेऱ्यात लंगडत. दुसऱ्या बटणाने त्याने वर झांज चढवली. दांडा उजवीकडे ढकलला की ठेका दुप्पट व्हायचा.

"कसं वाटतं, भाऊ?"

"झकास," मी म्हणालो. विमानं उडवणाऱ्याला मात्रा काय कळणार? विसर्जनाला लोक हसतील, हा तोंडावर आपटेल आणि पुढच्या वर्षी मला बोलवायला मुकाट घरी येईल, असा माझा हिशेब होता.

विसर्जनाच्या सोमवारी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जनरेटर, दोन भोंगे आणि छत्रीखाली कॉम्प्युटर. आतेभाऊ दांडा धरून असा बसलेला, की जणू कानबाईला तोच नदीवर उडवत नेणार. मी हाताची घडी घालून कडेला उभा राहिलो. ठेका सुरू झाला आणि कोणी हसलं नाही. बठ्ठी गल्ली, लहानथोर सगळी, त्या लंगड्या ठेक्यावर खुशाल नाचायला लागली! यांच्या कानात कपाशीची बोंडं कोंबली होती की काय, कोण जाणे.

मग आई कानबाई डोक्यावर घेऊन पुढे आली. अख्ख्या गल्लीत कान देऊन ऐकणारी ती एकटीच. दर सहाव्या मात्रेला तिचा पाय हवेत थांबायचा आणि मग घाईने त्याच दुखऱ्या गुडघ्यावर पडायचा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कोपऱ्यावर तिचा तोल गेला. दोन बायकांनी तिला दंडाला धरलं म्हणून कानबाई खाली आली नाही.

"बंद कर ते!" मी ओरडलो. त्याने गडबडीत भलतंच बटण दाबलं आणि झांज आणखी चढली. शेवटी मीच ट्रॉलीत चढून वायर उपटली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. डोक्यावरची कानबाई एका हाताने सावरत आई माझ्याकडे बघत होती. त्या ट्रॉलीत काय यंत्र आहे, ते तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

"हात ते तुनाच शे," माझ्या हातांकडे बोट दाखवत ती म्हणाली. "मंग खोटं काबर वाजाडं?"