साहेबाच्या डायरीतलं गाळलेलं पान

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं — छे, खोटं कशाला बोलू? तिच्या पोटात गोष्ट राहते. मीच भ्यालो.

तसं माझं बरं चाललंय. समुद्रपूरला शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालो, पेन्शन आहे, दुपारी छान डोळा लागतो. मग नाद लागला एका गोऱ्या साहेबाचा. पोरवयात फौजेत गेलेला, गुडघ्यात गोळी लागल्यावर मुलकी कामावर इकडे आलेला, पुढे जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर झालेला. त्याची छापील इंग्रजी डायरी मला नागपुरात रद्दीत मिळाली. घोड्यावरून गावोगाव फिरायचा, तंबूत राहायचा आणि स्वतःच्या चुकाही लिहून ठेवायचा! माणूस मला फार आवडला. त्याच्यावर लहानसं पुस्तकच लिहिलं मी.

त्यात एक पान मात्र गाळलं.

आमच्या गावच्या विहिरीवर दगड आहे. त्यावर माझ्या पणजोबांचं नाव — ते गावचे मालगुजार, सारा वसूल करणारे. साहेब लिहितो, 'पाण्याची जागा सखाराम नावाच्या गड्यानं दाखवली, विहीर खोदलीही त्यानंच. मालगुजार अडून बसला म्हणून दगडावर मालगुजाराचं नाव कोरू दिलं. ही माझी चूक.'

या सखारामाचा पणतू वामन, माझा लंगोटीयार. पुस्तक निघालं तसा आला. "मास्तर, माहा बाप सांगे का हे विहीर आपल्या बुढ्यानं खंदली म्हणून. साहेबानं लिहून ठेवलं असन ना बा?"

माझं काय जाणार होतं? वावर? घर? एक दगड तर होता! तरी म्हणालो, "नाई रे वामन. तसं काई नाई त्याच्यात."

"नसन तं नसन," म्हणाला. तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, त्या ठेवून गेला. आम्ही मिठात उकडून खाल्ल्या. गोड लागल्या — हेही सांगून टाकतो.

याला नऊ वर्षं झाली. वामन अजून रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहाला येतो. हसतो, खिदळतो आम्ही. परवा त्याच्या नातीनं विहिरीची गोष्ट विचारली. "अवं, थे काई खरं नाई," वामन म्हणाला. "माहा बाप थापा मारे. इचार मास्तरले, त्यायनं वाचलं हाये."

त्याचा बाप खरं बोलत होता. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. लाज वाटली, फार वाटली. पण मी वामनच्याच बोलण्याला मान डोलावली, आणि चहा संपवला.