पाठ टेकलेली माणसं

चार वर्षं एकाच चटईवर लोळलं की किस्से कपड्यांना चिकटून घरी येतात. बायको म्हणते, आधी आंघोळ करा, मग सांगा.

अमरावतीत आमचा ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास आहे. संदीप सर शिकवतात. त्यातला ‘गार्ड’ म्हणजे पाठीवर पडायचं आणि आपले पाय समोरच्याच्या नि आपल्या मधे अडवून ठेवायचे. पाय मधे आहेत तोवर तुम्ही हरलेले नाही. सरांचं एकच पालुपद, “पाय सोडू नोका.”

*

मूर्तिजापूरचा गजू आखाड्यातून आलेला. पाठ टेकली की तो सवयीनं झटकन पोटावर वळायचा. इथे पोटावर वळणं म्हणजे आपला गळा दुसऱ्याच्या हातात देणं! रोज गळा आवळला जायचा, रोज तो वळायचा.

शेवटी म्हणाला, “सर, डोक्याले समजते. पण पाठीले लाज वाटते.”

*

माझंही सांगून टाकतो. एकदा जोडीदाराला “लागलं का?” विचारायला मी पाय सैल केले. तो आधी माझ्या छातीवर येऊन बसला, मग म्हणाला, “नाही लागलं.”

*

वैष्णवी शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागवाल्यांची मुलगी. अंगानं काडी. तिनं आमच्या नव्वद किलोच्या वकीलसाहेबांना पाच मिनिटं नुसत्या पायांनी रोखून धरलं. वकीलसाहेब धापा टाकत म्हणाले, “पुढची तारीख द्या.”

*

सरांचे बाबा तेल्हाऱ्याचे जुने पहिलवान. त्यांची पाठ कुणी टेकवली नाही, असं गावात अजून सांगतात. ते एकदाच क्लास बघायला आले. तेव्हा सर खाली पाठीवर होते आणि एक विद्यार्थी त्यांच्या अंगावर.

“एवढं शिकवलं तुले, अन् तू लोकायले पडणं शिकवून राहिला?”

चहासुद्धा न घेता गेले. मग तीन वर्षं अबोला. सर दिवाळीला घरी गेले की बाबा शेतात निघून जायचे. दाराशी कुणी म्हातारं माणूस दिसलं की सर शिकवता शिकवता थांबायचे. आम्हाला फार वाईट वाटायचं.

*

गेल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. अकोल्याच्या दवाखान्यात मी सरांसोबत गेलो होतो. उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. सर दारातच उभे राहिले.

बाबा छताकडे बघत एकेक शब्द ओढत म्हणाले, “पाठीवर तं आलो. आता पुढचं शिकव.”

सर पलंगावर त्यांच्या पायाशी बसले. बाबांचा डावा पाय उचलून त्यांनी स्वतःच्या कमरेवर टेकवला.

“बाबा, हा पाय सोडू नोका.”

बाबांनी होता नव्हता तेवढा जोर लावून पाय रेटला. सर वीतभर मागे सरकले.