चौसष्टावी चाचणी

बाकडं हलवून बघितल्याशिवाय शहादेव त्यावर टेकायचा नाही. आई भिमाबाई म्हणायची, "ह्यो नवरीलाबी चारदा इचारील, तू तीच हाईस का म्हणून!" युसूफ वडगाव नावाच्या गावातल्या या पठ्ठ्यानं पुण्यात सहा वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरलं. दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात सिरसाळ्याजवळ एका सहकारी दूध संस्थेनं चारा छावणी काढली, तेव्हा तिथलं सॉफ्टवेअर तपासायला त्याला बोलावलं. जनावराच्या कानातला बिल्ला स्कॅन करायचा, मालक आणि दावण जुळली की चाऱ्याची चिठ्ठी निघायची. काम एवढंच. पण शहादेव 'पास' म्हणेपर्यंत चारा वाटायचा नाही, असं संस्थेनं ठरवलेलं, आणि शहादेव काही 'पास' म्हणेना.

चार दिवस तो ऑफिसचं दार लावून बसला. लाइट गेली तर? नेट गेलं तर? एकच बिल्ला दोनदा आला तर? रोज नवी चूक सापडायची. बाहेर जनावरं हंबरायची, ते ऐकून त्याला स्वतःचाच संताप यायचा.

"किती तपासणार बे?" चेअरमन सुंदरराव दारावर थाप मारून ओरडले.

"चूक राहिली तर ढोरं उपाशी राहतील, साहेब."

"आन् आत्ता काय जेवायलीत का?"

त्रेसष्टावी चाचणी उरकून त्यानं चडफडतच 'पास' लिहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी पहिलाच बैल रांगेतल्या ताराबाईचा. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: दावण जुळत नाही. पुन्हा स्कॅन केला, पुन्हा तेच. ताराबाईचा एक बैल, शेजारच्या सिदूचा एक. औताला दोघांची सावड, म्हणजे एकमेकांचा बैल जोडून नांगरायचं, म्हणून जोडी सिदूच्याच दावणीला. वेगळे बांधले तर दोन्ही बैल कडब्याला तोंड लावत नाहीत. आणि अशा सावडीच्या जोड्या निम्म्या छावणीत! शहादेवनं कपाळावर हात मारून घेतला. त्याच्या बापानं जन्मभर सावडीच्याच बैलावर शेत केलं होतं.

मशीन बाजूला सारून तो हातानं चिठ्ठ्या लिहायला बसला. "मावशी," तो वैतागून म्हणाला, "हे आधी कावून न्हाई सांगितलं?"

"कुणाला सांगू लेकरा?" ताराबाई म्हणाली. "चार दिस त्या दारापाशीच उभी हुते की. तूच आतून कडी घातली हुतीस."