शेतीचं अंग

दौंड-शिरूरच्या बाजारांत माझ्याशी भाव करायला माणसं कचरतात. बकऱ्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की अंगात किती मांस आहे ते मला कळतं, आणि मालकाच्या तोंडाकडे पाहिलं की त्याला विकायची किती घाई आहे तेही कळतं. मी तापट आहे. सौदा मोडून उठून चालू लागतो, पण चार पावलांवर मागून हाक येते. या हाकांवरच मी गावाबाहेर माळाचा तुकडा घेतला, तिथेच घर बांधलं, मुलीला शिरूरच्या कॉलेजात घातलं. आम्ही धनगर. आमच्या घराण्यात सातबाऱ्यावर नाव लागलेला मी पहिला.

फक्त एका माणसाने मला मागून हाक मारली नाही. त्याच्याकडून मला जमीन नको होती. त्याच्या बांधाच्या कडेने एक पाईप पुरू द्यावा, एवढंच हवं होतं.

माळावर दोन बोअर घेतल्या, दोन्हींतून धूळ आली. मग कालव्याच्या चारीलगत दोन गुंठे मिळवले आणि विहीर काढली. पाणी असं लागलं की खोदणारे ओले होऊन वर आले. पण विहीर आणि माझा माळ यांच्या मध्ये आबांचा ऊस. आबा गावातले मोठे बागायतदार. सोसायटीत ते, दूधडेअरीत ते, देवळाच्या कमिटीत ते. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे असतील. मी त्यांना आबा म्हणतो, ते मला अरेतुरे करतात. मुलीचं लग्न झालं तरी करतील.

त्या उसाच्या रानात मी लहानपणी झोपलेलो आहे. सुगी झाली की आबांच्या वडिलांचा निरोप यायचा आणि माझा बाप मेंढरं घेऊन जायचा. रात्रभर कळप रानात बसवायचा, लेंडीखत पडायचं, बदल्यात ज्वारी मिळायची. वर्षानुवर्षं. आज त्या रानाची माती हातात घेतली तर काळी, भुसभुशीत. माझ्या माळाची मुरमाड.

कांदा लावला, पाईप आणून टाकले, बांधाच्या कडेने चुन्याची फक्की मारून रेघ आखली आणि आबांकडे गेलो. ओट्यावर चारपाच जण चहा पीत होते.

"आबा, कडंकडंनं जाईल. खोल गाडतो. वरून ऊस लावा, कळायचं बी न्हाई."

"तुला रं पानी कशाला?"

"कांदा लावलाय की."

"कांदा!" आबा बाकीच्यांकडे वळले. "आरं, तुमच्या लोकांस्नी शेतीचं अंग न्हाई. पाय ठरत न्हाईत तुमचं एका जागी. दोन वर्सांत इकून मोकळा व्हशील. मग माझ्या रानातल्या पायपाचं मी काय करू? पावा करून वाजवू?"

ओटा हसला. मीही हसलो, धंद्यात हसावं लागतं. मग भाव वाढवत गेलो. चौथ्यांदा वाढवला तेव्हा आबा म्हणाले, "पैसा ठेव तुझ्याकडं." समोरचा आकडा बोलला की मी त्याला धरतो. जो आकडाच बोलत नाही त्याला कुठे धरणार? माझं डोकं फिरलं. "तुमच्या रानात कस हाय त्यो माझ्या बापाच्या मेंढरांचा हाय!" मी ओरडलो. आबांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "त्याची ज्वारी दिलीया."

तहसील कचेरीत अर्ज केला. पंचनामा झाला. पंच म्हणून सही करायला आबांच्या भावकीतलेच दोघे. दुसरीकडून वाट आहे, असं त्यांनी लिहून दिलं. दुसरीकडे खडक आहे हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. तारखा पडत गेल्या. कांदा मान टाकत गेला. टँकर आणले, ते तापलेल्या तव्यावर चूळ टाकल्यासारखे.

त्या दिवसांत मुलीने जेवताना विषय काढला. कॉलेजात तिला समाजशास्त्र होतं. काही समाज मागे का राहतात, यावर घरातल्यांशी बोलून लिहायचं होतं.

"आप्पा, याची दोन उत्तरं देतात. एक म्हणतं, त्या लोकांच्या सवयी बघा, वळण बघा. दुसरं म्हणतं, जमीन कुणाकडं, पाणी कुणाकडं, खुर्ची कुणाकडं ते बघा."

"आन् तू काय लिवनार?"

"दोन्ही. परीक्षेत दोन्ही बाजू मांडाव्या लागतात."

"पहिल्या बाजूला आबाला ने कालेजात. झ्याक मांडंल."

ती हसली नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "पण आप्पा, कांदा जळला तर गाव कुठलं उत्तर खरं मानंल? पाईप कुणाच्या ध्यानात राहील?"

मी ताट सरकवलं आणि उठलो. तिच्यावर राग नव्हता. एवढं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

कांदा गेला. पात पिवळी पडून जमिनीला चिकटली, खाली गोटीएवढी गाठ. काढायची मजुरीही अंगावर आली असती. चुलतभाऊ अजून कळप घेऊन फिरतो. तो न्हावऱ्याकडे उतरला होता. त्याला बोलावलं आणि कांद्यात मेंढरं सोडली.

तिसऱ्या प्रहरी आबा मोटारसायकलवर बांधाला आले. बसूनच म्हणाले, "हितलं उरकलं की माझ्याकडं बसवा चार रात्री. ऊस तुटलाय, रान मोकळं हाय."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला माझ्याकडून काही हवं होतं.

"बसवतो की आबा. तेवढा पाईप जाऊ द्या."

"त्ये येगळं, ह्ये येगळं," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरून चुलतभावाला विचारलं, "काय रं, येतूस न्हवं?"

"व्हय आबा."

मी भावाला बखोटीला धरून बाजूला ओढलं. "न्हाई म्हन. एकडाव न्हाई म्हन. हीच येळ हाय."

"दादा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हितनं निमोण्यापत्तूर सगळी रानं त्यांच्या भावकीची. तुझा पाईप अडला तर तुझा कांदा गेला. माझी वाट अडली तर मेंढरं मरतील. सोड हात."

मी हात सोडला. त्याने शीळ घातली. कळप उठला आणि बांधावरच्या फुटक्या जागेतून पलीकडे गेला, बरोबर मी मारलेल्या फक्कीवरून. रेघ खुरांखाली पुसत गेली.

आबा माझ्या रानाकडे पाहत होते. कुत्सित नव्हते. असते तर बरं झालं असतं. हळहळल्यासारखं म्हणाले, "म्हनलं व्हतं तुला. अंग लागतं त्याला. इकायचं आसंल तर बाहेर जाऊ नगंस, मला सांग."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या बाजाराने जीभ जिकडे वळवली होती तिकडेच ती वळली.

"काय द्याल?"

घराच्या दारात मुलगी उभी होती. आबांनी गाडी स्टँडवर लावली, खाली उतरले आणि पहिल्यांदाच माझ्या बांधावर बसले.