सलाईननंतरचे पाच दिवस

मी शाळेचे गणवेश शिवते. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. गेल्या वर्षी पाण्याची बादली उचलताना पाठीत कटकन काहीतरी झालं. तपासणीत मणका दबलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत. वर्षातून एकदा शिरेतून औषध घ्यावं लागेल. त्याआधी महिनाभर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या नेमानं घ्या."

त्या गोळ्यांनी माझं पोट गच्च व्हायचं. चार दिवस घेतल्या आणि सोडल्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मात्र घेतल्या म्हणून सांगितलं.

औषधाच्या दिवशी सून मला स्कूटीवर घेऊन गेली. ती गोंदिया शहरातली, हिंदीत वाढलेली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमचं बोलणं कामापुरतंच होतं. तिच्या हिंदीला मी नाक मुरडायची, आणि ते तिला कळायचं. सलाईन अर्ध्या तासात संपलं. नर्सबाईंनी समजावलं, "ताप येईल, अंग दुखेल, दोन-तीन दिवसांत जाईल. ओठ किंवा बोटं झिणझिणली तर लगेच फोन करा." माझं लक्ष नव्हतं. सून मोबाईलमध्ये लिहून घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवेना. थंडी वाजून ताप भरला. जबड्यापासून टाचेपर्यंत एकेक हाड उखळात कांडल्यासारखं दुखत होतं. मुलगा कामासाठी रायपूरला होता, म्हणून सगळा राग सुनेवर काढला.

"कायले टोचून आणलं मले? बरी होती मी."

"नर्सने बोला था ना मम्मी, बुखार आयेगा," ती शांतपणे म्हणाली. "उतर जायेगा."

तिनं तापाची गोळी दिली, भाताची पेज भरवली, पाय चेपले. मी तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी ताप खरंच उतरला.

पाचव्या दिवशी दुपारी काज करायला बसले, तर ओठांवर मुंग्या चालल्यासारखं वाटलं. बोटं आखडली. सुई दोनदा पडली. मी बोलले नाही, पण सुनेनं पाहिलं. तिनं मोबाईल उघडून लिहिलेलं वाचलं, दवाखान्यात फोन लावला आणि दहा मिनिटांत मला स्कूटीवर बसवलं.

रक्तातलं कॅल्शियम खूप खाली गेलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "गोळ्या घेतल्या होत्या ना?"

सुनेसमोर खरं सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. ते आवाज न चढवता म्हणाले, "या औषधानं कॅल्शियम हाडांतच राहतं, रक्तात कमी येतं. म्हणून आधी गोळ्या लागतात." मग शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, आणि पोटाला सोसतील अशा दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या. संध्याकाळपर्यंत बोटं मोकळी झाली.

घरी आल्यावर मुलाचा फोन आला. आता ही सगळं सांगणार, म्हणून मी मान खाली घालून बसले.

"थोडी झुनझुनी थी, दिखा दिया," एवढंच ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

रात्रीचं जेवण वाढताना मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "गलती मेरी थी, बेटा."

ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "पोट दुखत होता तर मला सांगायचा ना, मम्मी. मी काय दुसऱ्या घरची आहे?"

मी तिचं ताट माझ्या शेजारी ओढून घेतलं आणि तिला बसवलं.

यंदा दुसरं सलाईन झालं. या खेपेला गोळ्या नेमानं घेतल्या होत्या. ताप एक संध्याकाळ आला, पाठ थोडी दुखली, झालं. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर होते. सून स्टूल घेऊन शेजारी बसली आणि कॉलर कशी लावतात विचारू लागली. पहिली कॉलर तिनं उलटी लावली. आम्ही दोघींनी मिळून ती उसवली.