विहिरीतल्या मोटरचं मरण

तुम्ही कधी धडधाकट मोटरच्या मरणाची बातमी मुलाला फोनवर रडत रडत दिली आहे? मी दिली आहे. ऐका माझी फजिती!

आमच्या हडपसरच्या घरामागे विहीर आहे. सकाळी उठलं की आधी मोटर लावायची, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. भरलेलं घर, टाकी रोज तळाला जायची. मग हे गेले. यंदा मुलगा, सून, नातवंडं नोकरीपायी बेंगळुरूला गेली. निघताना मुलगा म्हणाला, "आई, एकटीला जमेल का? नाहीतर घर बंद करून चल."

मी ठणकावलं, "न जमायला काय झालं?"

आणि लगेचच एका सकाळी बटण दाबलं, तर दिवा लागला, पण मोटर गप्प! ती घरघर ऐकल्याशिवाय मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही हो. घर इतकं शांत, की घड्याळाची टिकटिकसुद्धा अंगावर यायला लागली.

फ्यूज काढून पाहिला. धड! नळाला येत होतं ते टाकीतलं शेवटचं पाणी समजून मी आंघोळही टाळली. शेवटी शेजारच्या देवधरकाकांना हाक मारली. ते बहुतेक टेस्टर उशाशी घेऊनच झोपतात.

"वीज येते आहे. म्हणजे मोटर जळली," काकांनी निकाल दिला.

"पण जळल्याचा वास कुठे येतोय?"

"अहो, मोटर विहिरीत आहे, तुमच्या तव्यावर नाही!"

झालं! मी मुलाला फोन लावला. "अरे, मोटर गेली रे," म्हणता म्हणता हुंदकाच फुटला.

तो घाबरला. "पुरे आता, आई. रविवारी येतो. घराला कुलूप लावू."

मला नाही म्हणवेना. जिला मोटर सांभाळता येत नाही, ती घर काय सांभाळणार?

तेवढ्यात आमच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या पलीकडच्या रझियाभाभी ओरडल्या, "ताई, टाकीत डोकावलात का? काठोकाठ भरली आहे!"

टाकी भरलेली असली की मोटर सुरूच होऊ नये, म्हणून ह्यांनीच तिथे फ्लोट बसवला होता. पण आमच्याकडे सकाळी भरलेली टाकी कधी कुणी पाहिली होती? आणि आता मी एकटी वापरून वापरून किती वापरणार?

"मोटर ठणठणीत आहे," काका म्हणाले. "पाणी संपवायला माणसं आणा." बोलून गेले आणि मग बराच वेळ पायातलीच चप्पल शोधत राहिले.

मी मुलाला पुन्हा फोन केला. तो हसतच सुटला. "मग रविवारी येऊ ना?"

"ये. कुलूप नको, धुवायचे कपडे आण!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रझियाभाभी घरच्या गोधड्या घेऊन आल्या, आम्ही दोघींनी त्या धुतल्या आणि मग बटण दाबल्यावर मोटर सुरू झाली.